बौद्धांचा धर्म : श्रद्धा आणि आचार

ठाणे शहरातील टेंभी नाका हा जुन्या वस्तीचा भाग आहे. नवरात्रात येथे देवीच्या दर्शनास लोटणारी गर्दी सर्वांच्या परिचयाची आहे. नाक्याच्याच परिसरात जैनांचे प्रसिद्ध मंदिर आहे आणि थोड्या अंतरावर, मासुंदा तलावाच्या बाजूस, ख्रिस्ती लोकांचे जुने प्रार्थनामंदिर आहे. दसऱ्याचा दिवस उजाडला म्हणजे याच रस्त्याने काही कुटुंबे पांढरी वस्त्रे परिधान करून बुद्धविहाराकडे जाताना दृष्टीस पडतात. शेजारी आपट्याची पाने वाटीत असतात, आणि ही मंडळीही तो दिवस सणाचाच मानतात. मात्र त्यांच्या दृष्टीने ती अशोक विजयादशमी होय. एकाच चाळीत भिंतीस भिंत लावून राहणाऱ्या माणसांना परस्परांच्या स्वयंपाकाचा वास ओळखता येतो, परंतु परस्परांच्या धर्माची ओळख पुष्कळदा नसते. 'या लोकांचा देव कोणता?' असा प्रश्न शेजारी विचारतो. आणि 'आमच्या धर्मात देव नाही' हे उत्तर ऐकून तो अधिकच बुचकळ्यात पडतो. देव नाही, तर मग धर्म कसला? आजारपणात नवस कोणाला करावयाचा? मृत्यूनंतर आत्म्याची गती काय? हे प्रश्न स्वाभाविक आहेत आणि त्यांची उत्तरे समजून घेण्याजोगी आहेत.

प्रथमतः ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे की, हा धर्म या प्रदेशास परका नाही. वसई तालुका २०१४ साली पालघर जिल्हा निर्माण होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. त्या तालुक्यातील सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील 'बुरुड राजाचा कोट' या नावाने ओळखला जाणारा उंचवटा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरला, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे निष्पन्न झाले. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा करंडक अशी रचना होती. इतक्या आवरणांच्या गाभ्यात काय असावे? हिरे नव्हेत, माणके नव्हेत; मातीच्या पात्राचे काही तुकडे! भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते अवशेष होत, अशा श्रद्धेने ते जतन केलेले होते. राजघराण्यात जन्मलेल्या पुरुषाच्या भिक्षेच्या भांड्यास लोकांनी सोन्यात ठेवावे, यातच या धर्माने मानलेल्या थोरवीचे माप दिसून येते. हे अवशेष पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले.

शूर्पारकाशी बौद्ध परंपरेने एका व्यापाऱ्याचे नावही जोडले आहे. त्याचे नाव पूर्ण. व्यापारासाठी समुद्रप्रवास करणारा हा गृहस्थ पुढे भिक्षू झाला आणि आपल्या पश्चिमेकडील प्रदेशात धर्म सांगण्यासाठी त्याने बुद्धाची अनुज्ञा मागितली. तेथील लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील, असे बुद्धाने विचारले. त्यांनी हात उगारला नाही हा त्यांचा चांगुलपणाच, असे मी समजेन, हा पूर्णाच्या उत्तराचा आशय. हात उगारला तर? दगड मारले नाहीत म्हणून ते चांगले. अशा पायऱ्या चढत प्रश्न प्राण घेण्यापर्यंत जातो आणि पूर्णाचे चित्त तेथेही ढळत नाही. तेव्हा बुद्धाने त्यास जाण्यास योग्य ठरविले. त्याने किती ग्रंथ पाठ केले, हे विचारले नाही. राग किती जिंकला, एवढेच पाहिले. बौद्ध धर्माची परीक्षा कोणत्या विषयात घेतली जाते, हे या कथेवरून कळते.

आता मूळ शिकवणीकडे वळू. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी शाक्य कुळातील सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग केला, कठोर तप करून पाहिले, आणि देहदंडाने ज्ञान लाभत नाही असा अनुभव घेऊन ते सोडून दिले. विलास हे एक टोक व देहदंड हे दुसरे टोक. या दोहोंच्या मधून जाणारा तो मध्यम मार्ग. गयेजवळ पिंपळाच्या झाडाखाली त्यास बोध झाला आणि वाराणसीजवळ सारनाथ येथे त्याने पाच जणांना पहिला उपदेश केला. त्या उपदेशाचा सारांश चार आर्यसत्ये या नावाने प्रसिद्ध आहे. वैद्य जसा रोग, रोगाचे कारण, रोगमुक्ती आणि उपचार या क्रमाने विचार करतो, तसाच हा क्रम आहे. जीवनात दुःख आहे, हे पहिले सत्य. त्या दुःखाला कारण आहे आणि ते कारण तृष्णा, हे दुसरे. कारण नाहीसे केल्यास दुःखही नाहीसे होते, हे तिसरे. आणि तसे करण्याचा मार्ग आहे, हे चौथे.

येथे 'दुःख' या शब्दाने पुष्कळांची दिशाभूल होते. हा धर्म रडका आहे, असा आक्षेप घेतला जातो. वास्तविक दुःख म्हणजे केवळ रडणे नव्हे. हवे ते न मिळणे हे जसे दुःख, तसेच मिळालेले टिकणार नाही ही आतली धास्ती, हेही दुःखच. बाजारातील दुकानदाराचे उदाहरण घ्या. धंदा बुडाला तर तो दुःखी होतोच. परंतु धंदा चालला तरी शेजारचे दुकान अधिक चालेल काय, या चिंतेने त्याची झोप उडते. म्हणजे नफा झाला तरी तृष्णा नफ्याबरोबर वाढत गेली. दुःख दैवाने दिलेले नसून कारणाने उत्पन्न झालेले आहे, असे म्हटले की ते दूर करण्याची आशाही उत्पन्न होते. या दृष्टीने पाहता हा धर्म निराशेचा नसून उद्योगाचा आहे.

चौथ्या सत्यातील मार्गास आठ अंगे आहेत : सम्यक् दृष्टी, सम्यक् संकल्प, सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त, सम्यक् आजीविका, सम्यक् व्यायाम, सम्यक् स्मृती आणि सम्यक् समाधी. यांचे तीन गट पडतात. वाचा, कर्म आणि आजीविका हे शील. व्यायाम, स्मृती आणि समाधी हा चित्ताचा अभ्यास. दृष्टी आणि संकल्प ही प्रज्ञा. यांपैकी आजीविकेचे अंग विशेष विचार करण्याजोगे आहे. माणूस देवळात काय करतो यापेक्षा पोटासाठी काय करतो, हे येथे महत्त्वाचे मानले आहे. शस्त्रे, प्राणी अथवा माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे सांगितले आहे. सकाळी पूजा आणि दिवसभर भेसळ, ही वाटणी या धर्माला मान्य नाही.

सर्वांत अवघड सिद्धान्त अनित्य आणि अनात्म यांचा. जे जे कारणांनी उत्पन्न झाले ते ते बदलणारे आहे. मासुंदा तलाव पिढ्यान्‌पिढ्या त्याच नावाने ओळखला जातो. परंतु गेल्या पावसाळ्यातील पाणी आज त्यात कोठे आहे? उन्हाने आटते, पावसाने भरते, नाव तेवढे कायम राहते. माणसाचेही असेच. शरीर, संवेदना, ओळख, संस्कार आणि जाणीव या पाच स्कंधांच्या सतत चाललेल्या प्रवाहास आपण एक नाव देतो, आणि त्या नावामागे न बदलणारा 'मी' आहे असे गृहीत धरतो. तसा नित्य आत्मा बौद्ध मत मानीत नाही. मग कर्माचे फळ कोणाला? यावर असे सांगता येईल की, गुरुजी विद्यार्थ्याला अक्षरे गिरवावयास शिकवितात, तेव्हा गुरुजींच्या हातातून कोणती वस्तू निघून विद्यार्थ्याच्या हातात जात नाही. तरी पुढे विद्यार्थ्याच्या अक्षराला गुरुजींचे वळण आलेले दिसते. तसेच एका कृत्याचा परिणाम पुढे चालू राहतो. त्यासाठी एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्मा कल्पिण्याची आवश्यकता नाही. 'मी' आणि 'माझे' यांची पकड सैल होणे, आणि अखेरीस लोभ, द्वेष व मोह यांचा अग्नी विझणे, यालाच निर्वाण म्हणतात. निर्वाण म्हणजे मरणोत्तर गाव नव्हे.

इतके तत्त्वज्ञान सर्वांना पेलेल काय? बुद्धानेही गृहस्थापुढे प्रथम दान आणि शील हीच ठेवली. बौद्ध होणे म्हणजे त्रिशरण आणि पंचशील स्वीकारणे. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जावयाचे, ते त्यांच्याकडून काही मागण्यासाठी नव्हे. वाटसरू वाट दाखविणाऱ्यावर, वाटेवर आणि सोबत्यांवर विश्वास ठेवतो, त्या जातीचा हा विश्वास आहे. पंचशील म्हणजे पाच गोष्टींपासून दूर राहण्याचा आपण होऊन केलेला संकल्प : जीवहिंसा, चोरी, कामातील अनाचार, असत्य भाषण, आणि बुद्धी भ्रष्ट करणाऱ्या मादक पदार्थांचे सेवन. या देवाच्या आज्ञा नाहीत. मोडल्यास कोणी वरून शिक्षा करील, असेही नाही. पाचवे शील काहींना क्षुल्लक वाटते. परंतु पगाराच्या दिवशी ज्या घरचा कर्ता पुरुष गुत्त्यावरून परततो, त्या घरी उरलेली चारही शीले एका रात्रीत कशी मोडतात, हे गिरणगावापासून ठाण्यापर्यंतच्या वस्त्यांतील स्त्रियांना कोणी शिकवावयास नको.

शीलाचे हे स्वरूप निषेधाचे झाले. त्यास जोड म्हणून मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना आहेत. सर्वांचे हित इच्छिणे ती मैत्री. दुःखितांविषयी कळवळा ती करुणा. दुसऱ्याच्या उत्कर्षाने आनंद वाटणे ती मुदिता. आणि सुखदुःखात चित्ताचा तोल राखणे ती उपेक्षा. यांतील मुदिता ही शेजाऱ्याच्या बाबतीत साधणे सर्वांत कठीण, हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

नित्याचा आचार साधा आहे. विहारात अथवा घरी बुद्धमूर्तीपुढे फुले वाहतात, मेणबत्ती व उदबत्ती लावतात आणि वंदना म्हणतात. फूल सायंकाळपर्यंत कोमेजते, ते अनित्यतेची आठवण देते. ज्योत ही प्रज्ञेची खूण. आणि उदबत्तीचा सुवास दूरवर जातो, तसे शील, असा अर्थ आहे. मूर्ती प्रसन्न होऊन काही देईल, ही कल्पना त्यात नाही. पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमी हे उपोसथाचे दिवस. त्या दिवशी काही उपासक आठ शीले पाळतात व माध्यान्हीनंतर भोजन करीत नाहीत. वैशाखी पौर्णिमा ही बुद्धाचा जन्म, बोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्हींची तिथी मानली जाते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्षूंचा वर्षावास चालतो. या काळात भिक्षूने एकाच ठिकाणी राहावयाचे असते. महाराष्ट्रात याच महिन्यांत विहारांतून व घरोघरी ग्रंथवाचन होते. विवाह साध्या पद्धतीने, बहुधा शुभ्र वस्त्रांत, त्रिशरण-पंचशील ग्रहण करून आणि वधूवरांनी परस्परांस वचने देऊन होतो. त्यास मुहूर्ताची अडचण नसते. मृत्यूनंतर पिंडदान व श्राद्ध करीत नाहीत; नातलग व स्नेही जमून पुण्यानुमोदन करतात.

परंतु आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या आईने काय करावे, हा प्रश्न अद्याप उभाच आहे. तिच्या हातून नवस काढून घेतला, तर तिला काय दिले? याचे उत्तर योगायोगाने याच किनाऱ्यावर दगडात सापडते. सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा तुकडा १८८२ साली सोपाऱ्यास मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावास मिळाला. दोन्ही आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. नवव्या लेखाचा विषय मंगलकृत्ये हा आहे. आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्माच्या वेळी व प्रवासास निघताना लोक नाना प्रकारचे विधी करतात, असे अशोक सांगतो. तो त्यांची थट्टा करीत नाही, की बंदीही घालीत नाही. मात्र त्यांचे फळ अल्प आहे, असे स्पष्ट म्हणतो. महाफल देणारे मंगल म्हणजे धम्ममंगल : नोकराचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांस दान. म्हणजे त्या आईस धर्म असे सांगतो की, औषध वेळेवर दे, स्वतःचे चित्त शांत ठेव, आणि शेजारणीचे मूल आजारी पडेल तेव्हा तिच्याही उशाशी जाऊन बस. हे सांत्वन कमी आहे असे कोणास वाटेल. परंतु यात फसवणूक नाही, आणि हे दिल्याने दुसऱ्या कोणाचेही काही कमी होत नाही.

मग असा धर्म या भूमीतून नाहीसा का झाला? ठाण्याच्या येऊरच्या डोंगराला लागूनच असलेल्या अरण्यात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी, पाण्याची टाकी, ध्यानाचे ओटे, असा तो एकेकाळचा मोठा संघाराम. कल्याण, सोपारा, नाशिक येथील व्यापारी व कारागीर यांनी तेथे दाने दिली. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व वर्षावासासाठी कायम निधी ठेवले. नवव्या शतकात, शिलाहारांच्या अमदानीतही भिक्षूंची वस्त्रे व ग्रंथ यांसाठी रक्कम ठेवल्याचे लेख आहेत. पुढे दाने आटली, भिक्षू गेले, आणि वटवाघळांनी वस्ती केली. भिवंडीजवळील लोणाडच्या बौद्ध लेण्यात आज देवीची पूजा होते. ऱ्हासाची कारणे अनेक सांगितली जातात : राजाश्रय सुटणे, व्यापाराची वाट बदलणे, इतर पंथांचा प्रभाव. परंतु एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. विहारातील विद्या विहारातच राहिली आणि गृहस्थाकडे केवळ दान देण्याचे काम उरले, तर विहार ओस पडताच घरातील धर्मही संपतो. दगड टिकले, आचार टिकला नाही.

विसाव्या शतकात हा धागा पुन्हा जुळला. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथे जाऊन पाली भाषेचे अध्ययन केले आणि बुद्धाचे चरित्र व उपदेश मराठीत आणले. परंतु तो घराघरात नेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीस, नागपूर येथे भदन्त चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी त्रिशरण व पंचशील घेतले आणि नंतर आपल्या लाखो अनुयायांस स्वतः दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा दिल्या. सर्व माणसे समान मानीन, अष्टांग मार्गाचे आचरण करीन, मद्य पिणार नाही, श्राद्ध करणार नाही, अशा आशयाच्या या प्रतिज्ञा आहेत. त्यानंतर दोन महिने पुरे होण्यापूर्वीच, ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निर्वाण झाले. त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. दुःख हे केवळ मनात नसून समाजव्यवस्थेतही असते. माणसाने माणसाला हीन लेखणे हेही दुःखाचे कारण आहे आणि तेही दूर करता येते, या बाजूवर त्यांनी भर दिला. पाणवठ्यावर ज्यांना पाणी घेऊ दिले जात नव्हते, त्यांना या शिकवणुकीचा अर्थ ग्रंथावाचून समजला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध असून त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात आहेत.

तथापि संख्या वाढली म्हणजे धर्म सुरक्षित झाला, असे समजणे ही जुनीच चूक होईल. कान्हेरीच्या काळी दानांची उणीव नव्हती. आजही विहार उभारणे सोपे आहे. दर पौर्णिमेस तेथे दिवा लावणारे, मुलांना शीलांचा अर्थ सांगणारे, आणि शेजाऱ्याच्या प्रश्नास न रागावता उत्तर देणारे घर उभारणे कठीण आहे. शेजाऱ्यानेही प्रश्न विचारावा तो ऐकून घेण्याच्या इच्छेने.

कान्हेरीच्या लेखांत राजे आहेत, श्रेष्ठी आहेत, आणि कल्याणचा नंद नावाचा एक लोहारही आहे. त्याने दिलेले दान म्हणजे एक वाट. इतरांनी लेणी कोरविली, टाकी खोदविली. या लोहाराने डोंगरावरील एक वाट करून दिली आणि तेवढेच लिहून ठेविले. बुद्धानेही आपल्या शिकवणुकीस मार्ग असेच म्हटले होते. त्या वाटेवर कोणाची मालकी नसते. जो चालेल त्याची ती, आणि चालणारा थांबला की तिच्यावर गवत उगवते. टेंभी नाक्यावरून दसऱ्याच्या सकाळी पांढऱ्या वस्त्रांत जाणारी माणसे त्याच वाटेवरील आहेत, इतके शेजाऱ्याने ओळखले आणि जाणाऱ्यांनी विसरले नाही, म्हणजे झाले.